छोटा घरमालक आणि कुलूपबंद घरे

भाड्याच्या घरांचा विचार करताना आपले कायदे आजही शंभर वर्षांपूर्वीचा घरमालक डोळ्यांसमोर ठेवतात. शहरांतील रिकामी घरे आणि घरासाठी वणवणणारी माणसे यांच्यातील दुवा असलेला छोटा घरमालक मात्र धोरणाच्या नकाशावर कुठेच दिसत नाही.

भारतीय शहरांतील गृहनिर्माणाची चर्चा बहुतेक वेळा तीन पात्रांभोवती फिरते. बांधकाम व्यावसायिक, घर विकत घेणारा मध्यमवर्गीय आणि झोपडपट्टीतील रहिवासी. चौथे पात्र या चर्चेत क्वचितच येते. निवृत्तीच्या रकमेतून दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन तो भाड्याने देणारा शिक्षक, पतीच्या पश्चात घराचा वरचा मजला भाड्याने देऊन औषधांचा खर्च भागवणारी विधवा, मुलगा परदेशी गेल्यावर त्याच्या घराची किल्ली सांभाळणारे वृद्ध आईवडील. आपल्या शहरांत बदलीवर आलेला कारकून, परगावची परिचारिका, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी किंवा नवविवाहित जोडपे यांना निवारा मिळतो तो प्रामुख्याने अशाच माणसांच्या घरांत. मोठ्या संस्थांनी भाड्यासाठीच बांधलेली आणि चालवलेली घरे आपल्याकडे अपवादानेच आढळतात.

मी स्वतः या चौथ्या वर्गात मोडतो. लखनऊच्या इंदिरानगरमधील माझ्या घराचा वरचा मजला २००६ पासून भाड्याने आहे. मुलगी बंगळूरुत नोकरीला लागली तेव्हा, २०१० मध्ये, तेथे दोन शयनगृहांचा एक फ्लॅट घेतला. दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच तिची बदली हैदराबादला झाली आणि तो फ्लॅटही भाड्याने गेला. त्याआधी विद्यार्थिदशेत अलाहाबादमध्ये मी स्वतः भाडेकरू होतो, आणि उत्तर प्रदेशात प्रशासकीय नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत भाडे नियंत्रणाचे कामही माझ्याकडे होते. अशा तीन बाजूंनी पाहिलेल्या या व्यवहाराबद्दल काही निरीक्षणे येथे मांडतो आहे. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने हिशेबाची वही जपून ठेवण्याची सवय आहे. येथील माझे आकडे त्या वहीतले आहेत.

तात्पुरता कायदा, कायमचा वारसा

भाडे नियंत्रणाचा जन्म युद्धात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत कामगारांची गर्दी वाढली, घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये भाडेवाढीला लगाम घालणारा कायदा आला. १९२० मध्ये कलकत्ता आणि रंगून येथेही तसेच कायदे झाले. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९३९ मध्ये, भारत संरक्षण नियमांखाली नियंत्रणाचा आदेश निघाला. हे सारे उपाय तात्पुरते होते. युद्ध संपले, पण फाळणीच्या निर्वासितांनी शहरे भरून गेली आणि नियंत्रण उठवणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. त्या परिस्थितीत ते योग्यही नव्हते. मुंबईचा १९४७ चा कायदा, दिल्लीचा १९५८ चा कायदा, उत्तर प्रदेशचा १९७२ चा कायदा ही त्याच परंपरेतील पुढची पाने.

महाराष्ट्रातील वाचकांना या परंपरेचा शेवटचा अध्याय ठाऊक आहे. मुंबईतील प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलेले होते. मालकाला भाड्यातून दुरुस्तीही परवडेना, आणि जुन्या चाळी पावसाळ्यात कोसळू लागल्या. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

दिल्लीची कथा अधिक बोलकी आहे. १९८८ च्या दुरुस्तीने महिना ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे जुन्या कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. १९९५ मध्ये संसदेने दिल्लीसाठी नवा भाडे कायदा मंजूर केला. त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु जुन्या बाजारपेठांतील भाडेकरू व्यापाऱ्यांनी तीव्र विरोध केला आणि तो लागू करण्याची अधिसूचना कधीच निघाली नाही. २०१३ मध्ये तर तो रद्द करण्याचे विधेयक राज्यसभेत मांडावे लागले. जो कायदा एक दिवसही अमलात आला नाही, तो मागे घेण्यासाठीही कायदा लागतो, हे सांगूनही एखाद्याला पटणार नाही.

अधिकाऱ्याच्या खुर्चीतून

उत्तर प्रदेशच्या १९७२ च्या कायद्यात एक तरतूद होती, जी आजच्या पिढीला ऐकूनही खरी वाटत नाही. घर रिकामे झाले की मालकाने ते जिल्हा प्रशासनाला कळवायचे, आणि प्रशासनाने अर्जदारांपैकी एकाला ते घर वाटप करून द्यायचे. आपल्या घरात कोण राहणार हे ठरवण्याचा पहिला अधिकार मालकाचा नव्हता. या कामासाठी भाडे नियंत्रण व निष्कासन अधिकारी नेमलेला असे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका जिल्ह्यात काही महिने त्या खुर्चीवर मी होतो.

अर्जांचा ढीग मोठा असे आणि बहुतेक अर्जदार खरोखर गरजू असत. पण रिकामे घर कळवणारा मालक विरळा. निरीक्षक पाहणीला जात तेव्हा एखाद्या बंद घराच्या खिडकीला पडदे लावलेले दिसत, दोरीवर चादर वाळत घातलेली असे, आणि घरात मालकाचा पुतण्या राहतो असे शेजारी सांगत. पुतण्याचे नाव विचारले की तीन शेजारी तीन नावे सांगत. ज्यांच्याकडे वशिला होता त्यांना वाटपाचा आदेश मिळे. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना मालकाच्या तोंडी शब्दावर, पावतीशिवाय राहावे लागे. कायदा ज्याच्या संरक्षणासाठी केला होता, तो गरीब भाडेकरू अशा रीतीने कायद्याच्या बाहेरच फेकला गेला. १९९५ च्या दुरुस्तीने महिना २,००० रुपयांवरील भाड्याची घरे या कायद्यातून वगळली गेली, आणि २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पण पुतण्या उभा करण्याची मनोवृत्ती कायदा बदलल्याने लगेच बदलत नाही. आज पुतण्याऐवजी दाराला कुलूप असते, एवढाच फरक.

२०११ च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने दाखवून दिले की, शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. या घसरणीचा एक भाग स्वागतार्ह आहे. कर्ज सुलभ झाले आणि अनेकांनी स्वतःची घरे घेतली. रिकाम्या घरांतही काही मोडकळीस आलेली असतात, काही विक्रीच्या प्रतीक्षेत असतात. तरीही एका बाजूला कोटीभर बंद दारे आणि दुसऱ्या बाजूला एका खोलीत पाच-सहा जण, हे चित्र केवळ टंचाईने स्पष्ट होत नाही. मालक घर भाड्याने द्यायला का कचरतो, हा प्रश्न विचारावाच लागतो.

वहीतील गणित

या प्रश्नाचे पहिले उत्तर गणितात आहे. बंगळूरुचा फ्लॅट मुद्रांक शुल्क व नोंदणीसह ४२ लाखांना पडला. पहिले भाडे महिना १४,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,६८,०००. कागदावर हा परतावा ४ टक्के होतो. आता त्या वर्षाचा खर्च पाहू. घर एक महिना रिकामे राहिले, त्याचे १४,०००. रंगकाम आणि नळदुरुस्तीचे २२,०००. सोसायटीचे देखभाल शुल्क, जे करारानुसार माझ्याकडे होते, त्याचे २६,४००. मालमत्ता कराचे ५,०००. हाती उरले १,००,६००, म्हणजे २.४ टक्के. त्या काळी बँकेच्या मुदतठेवीवर याच्या तिपटीहून अधिक व्याज मिळत होते आणि गृहकर्जाचा दर त्याहूनही वर होता.

घराची किंमत वाढते, हे या गणिताला दिले जाणारे नेहमीचे उत्तर. ते खोटे नाही. पण किंमतवाढ ही घर विकल्यावर हाती येते, आणि ती घर बंद ठेवणाऱ्यालाही तेवढीच मिळते. भाडे हे त्या वाढीवरचे बक्षीस आहे. बक्षीस लहान आणि ते मिळवताना घराचा ताबा अडकण्याची भीती मोठी असेल, तर सावध माणूस बक्षीस नाकारतो. कुलूप लावणारा मालक लोभी असतो असे आपण समजतो. माझ्या अनुभवात तो बहुधा घाबरलेला असतो.

त्यात आपली करव्यवस्था या भीतीला सवलत देते. प्राप्तिकर कायदा भाड्याच्या उत्पन्नातून, भरलेला मालमत्ता कर वजा जाता, ३० टक्क्यांची सरसकट वजावट देतो; ही तरतूद सोपी आणि न्याय्य आहे. पण २०१९ पासून दोन घरे ‘स्वतःच्या वापरातील’ मानून त्यांचे करपात्र मूल्य शून्य धरता येते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्यासाठीच्या अटीही सैल केल्या. याचा अर्थ असा की दुसरे घर कुलूपबंद ठेवले तर त्यावर प्राप्तिकर नाही. तेच एखाद्या परिचारिकेला राहायला दिले तर आहे. दिल्लीत मालमत्ता कराच्या सूत्रात भाडेकरू असलेल्या घराचा गुणक स्वतः राहत असलेल्या घराच्या दुप्पट आहे. बंगळूरुतही भाड्याच्या घरांसाठी दर वर्षानुवर्षे जवळपास दुप्पट राहिला. घर रिकामे ठेवण्याला शिक्षा नाही आणि वापरात आणण्याला दंड आहे. ही विसंगती कोणी जाणूनबुजून निर्माण केली नाही. दोन वेगवेगळ्या कार्यालयांनी दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज आहे. धोरणातील बहुतेक विसंगती अशाच जन्मतात.

अकरा महिन्यांचा देश

दुसरे उत्तर कागदात आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी अनिवार्य आहे. ती टाळण्यासाठी साऱ्या देशाने अकरा महिन्यांचा करार स्वीकारला. लखनऊत शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून होणारा ‘किरायानामा’ असो वा अन्यत्र छापील मजकुरात नावे भरून होणारा करार, महिने अकराच. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती घरबसल्या करता येते; या बाबतीत तो राज्यांपुढचा चांगला धडा आहे. उरलेल्या देशाचा मोठा भाग अजूनही नोटरीच्या टेबलावर चालतो.

नोंदणीचे थोडे पैसे वाचतात. पण किंमत दोघांनाही मोजावी लागते. भाडेकरूला मुलांच्या शाळेचे पूर्ण वर्षही निश्चिंतपणे योजता येत नाही. बँक, गॅस, पासपोर्ट अशा प्रत्येक ठिकाणी त्याचा पत्त्याचा पुरावा लंगडा पडतो. मालकाच्या हातीही वादाच्या वेळी कमकुवत कागद राहतो. दर अकरा महिन्यांनी दलालाला मात्र नवे काम मिळते.

अनामत रकमेचेही तसेच. बंगळूरुत दहा महिन्यांचे भाडे अनामत घेण्याची जुनी रीत आहे. १४,००० च्या घरासाठी १,४०,००० रुपये. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाचे ते तेव्हाचे चार-पाच महिन्यांचे वेतन. मी तीन महिन्यांची अनामत ठरवली तेव्हा दलाल हसला आणि म्हणाला, “सर, तुम्ही बाहेरगावचे आहात, म्हणून बोलता आहात.” पंधरा वर्षांत त्या फ्लॅटमध्ये चार भाडेकरू राहिले. एकानेही भाडे बुडवले नाही, आणि दोघे चार वर्षांहून अधिक काळ टिकले. एका घरावरून नियम काढू नये, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. पण भाडेकरूची निवड नीट केली आणि दुरुस्तीच्या फोनला त्याच दिवशी उत्तर दिले, तर मोठ्या अनामतीने मिळणारी सुरक्षितता बऱ्याच अंशी विनामूल्य मिळते, असे माझी वही सांगते. भाडेवाढीच्या बाबतीतही बाजारभावाच्या किंचित खाली राहणे मला फायद्याचे ठरले आहे. हजार रुपये वाढवून मागताना भाडेकरू गेला आणि घर महिनाभर रिकामे राहिले, तर ती वाढ वसूल होण्यास एक वर्षाहून अधिक काळ लागतो.

लखनऊत एकदा अनुभव वेगळा आला. २०१६ मध्ये वरच्या मजल्यावरील भाडेकरूने धंद्यात खोट आल्याचे सांगून भाडे थांबवले. सात महिने गेले. भाडे महिना ९,५०० रुपये असल्याने जुना नियंत्रण कायदा लागू नव्हता. नोटीस देऊन लघुवाद न्यायालयात दावा करण्याचा मार्ग मोकळा होता. कागद माझ्या बाजूने होते. तरीही मी न्यायालयात गेलो नाही. मोहल्ल्यातील एका ज्येष्ठ वकीलसाहेबांना मध्यस्थी करायला सांगितले. त्यांनी दोघांना चहाला बोलावले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “साहेब, आपण जिंकाल यात शंका नाही. कधी, ते मात्र मला विचारू नका.” चार महिन्यांचे भाडे मी सोडले, तीन महिन्यांचे त्याने हप्त्यांनी दिले आणि घर रिकामे केले. आजही बाजारात भेटला की तो नमस्कार करतो. आयुष्यभर न्यायालयीन कागद हाताळलेल्या माणसालाही ३८,००० रुपये सोडून देणे हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो, तेव्हा ज्याला कायद्याचे अक्षरही ठाऊक नाही त्या मालकाने घराला कुलूप का लावू नये?

घर कोणाला मिळते

भाड्याच्या बाजाराची आणखी एक बाजू आहे, आणि ती मालकांच्या बाजूने बोलणाऱ्याने टाळता कामा नये. ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळूरुच्या फ्लॅटमध्ये आसामचे दोन तरुण राहत होते. आसामच्या बोडो भागातील हिंसाचारानंतर देशभर अफवा पसरल्या आणि तीन-चार दिवसांत ईशान्येकडील हजारो माणसे बंगळूरु सोडून गेली. गुवाहाटीकडे विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. एकगठ्ठा पाठवल्या जाणाऱ्या लघुसंदेशांवर केंद्र सरकारने पंधरा दिवसांची बंदी घातली. त्या दोघांपैकी थोरल्याचा फोन मला रात्री स्थानकावरून आला. “अंकल, किल्ली वॉचमनकडे दिली आहे. या महिन्याचे भाडे टाकले आहे. परत येऊ की नाही, माहीत नाही.” मी म्हटले, “बेटा, घर तुमचेच आहे. दुसऱ्या कुणाला देणार नाही.” तीन आठवड्यांनी ते परतले.

पुढच्याच महिन्यात सोसायटीच्या समितीचे पत्र आले की अविवाहित आणि ‘बाहेरच्या’ भाडेकरूंना यापुढे घर देऊ नये. मी उत्तरात एवढेच विचारले की, या इमारतीतील किती कुटुंबे मूळची बंगळूरुची आहेत? उत्तर आले नाही, आणि पत्राचा पुन्हा उल्लेखही झाला नाही. पण प्रत्येक मालक असे उत्तर लिहीत नाही. धर्म, जात, आहार, वैवाहिक स्थिती आणि प्रांत यांवरून घर नाकारणे हा आपल्या शहरांचा नित्याचा व्यवहार आहे. लखनऊत आडनाव विचारले जाते, दिल्लीत चेहरा पाहिला जातो, अन्यत्र स्वयंपाकघराची चौकशी होते. संविधानातील भेदभावाविरुद्धची हमी मुख्यतः शासनाला बांधते. खासगी घराच्या दारापर्यंत ती पोहोचत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. घरमालकाला कायद्याचे संरक्षण मागायचे असेल, तर त्याने हेही मान्य केले पाहिजे की ज्या व्यवहाराला शासनाचे न्यायालय आणि शासनाची नोंदणी यांचा आधार आहे, त्यात नागरिकाला त्याच्या आडनावावरून परत पाठवता येणार नाही.

टाळेबंदीच्या काळात शासनाने या व्यवहाराची दुसरी टोकाची बाजू पाहिली. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश दिला की कामगारांकडून व स्थलांतरितांकडून मालकांनी एक महिन्याचे भाडे मागू नये. त्या दिवसांत रस्त्यांवर जे दिसत होते ते पाहता हा आदेश माणुसकीचाच होता. पण कामगार वस्तीत चार खोल्या भाड्याने देऊन त्यावरच घर चालवणाऱ्या माणसाला त्या महिन्याची भरपाई कोण देणार, याचे उत्तर आदेशात नव्हते. कल्याणकारी राज्याचे एक कर्तव्य, त्याची तरतूद न करता, समाजातल्या एका लहान घटकाच्या अंगावर टाकले गेले. अनेकांनी ते निभावले. त्याच वर्षी जुलैमध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या शहरी टप्प्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान मिळाले. शासनाला भाड्याचे घर हा विषय दिसू लागला, ही त्या कटू वर्षाची एक चांगली निष्पत्ती म्हणावी लागेल.

पुढचा मार्ग

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. लेखी करार सक्तीचा, निवासी घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांची, घरात येण्यापूर्वी मालकाने चोवीस तास आधी सूचना द्यायची, पाणी-वीज तोडायची नाही, मुदत संपूनही घर न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे, आणि वाद साठ दिवसांत निकाली काढण्यासाठी स्वतंत्र भाडे न्यायालय. कायदा पूर्वलक्षी नाही, म्हणून जुन्या भाडेकरूंना त्याने धक्का लागत नाही. मात्र घर आणि भाडे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने केंद्र केवळ नमुना देऊ शकते. तमिळनाडूने २०१७ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. उत्तर प्रदेशने २०२१ मध्ये केला आणि निवासी घरांसाठी वार्षिक भाडेवाढ ५ टक्क्यांपर्यंत सीमित केली. आंध्र प्रदेश आणि आसामही या वाटेने गेले. बहुतेक मोठी राज्ये अजून थांबून आहेत.

प्रशासनातील अनुभवावरून सांगतो, कायद्याचे यश त्याच्या कलमांहून अधिक त्याच्या कार्यालयावर अवलंबून असते. भाडे प्राधिकारी म्हणून ज्या उपजिल्हाधिकाऱ्याची नेमणूक होते, त्याच्याकडे निवडणूक, पूर, कायदा-सुव्यवस्था आणि मंत्र्यांचे दौरे ही कामे आधीच असतात. भाड्याचा वाद त्याच्या यादीत शेवटी येतो. साठ दिवसांची मुदत पाळायची असेल तर मोठ्या शहरांत पूर्णवेळ अधिकारी आणि स्वतंत्र कर्मचारी लागतील. करार नोंदवण्याचा खर्च इतका कमी असावा की तो चुकवण्यासाठी अकरा महिन्यांचा आडोसा घेण्याची गरजच राहू नये. मालमत्ता करातील भाड्याच्या घरावरील जादा गुणक रद्द करून तो भार दीर्घकाळ रिकाम्या ठेवलेल्या घरांवर न्यावा. नोंदणीकृत करार करणाऱ्या छोट्या मालकाला, समजा दोन घरांपर्यंत, करात अल्पशी सवलत द्यावी. त्यातून आज सावलीत असलेला व्यवहार नोंदीत येईल आणि शासनाचे फारसे नुकसान होणार नाही. आणि या सगळ्याच्या बदल्यात, धर्म, जात किंवा प्रांत यांवरून घर नाकारणे हे कायद्याने दंडनीय असावे. आदर्श कायदा या शेवटच्या मुद्द्यावर मौन बाळगतो. राज्यांनी ते मौन सोडायला हरकत नाही.

या मागण्या मालकाच्या की भाडेकरूच्या, असा प्रश्न काहींना पडेल. गेली शंभर वर्षे आपण हा विषय याच दोन गटांत विभागून पाहिला, आणि कधी एकाला तर कधी दुसऱ्याला झुकते माप दिले. आपली जुनी परंपरा यापेक्षा अधिक समतोल होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराच्या वादांचे एक प्रकरण आहे. मनाई केली असूनही घर न सोडणारा भाडेकरू आणि भाडे भरलेल्या भाडेकरूला बाहेर काढणारा मालक या दोघांना तेथे एकच दंड सांगितला आहे: बारा पण. शिवीगाळ, चोरी, बळजबरी असे काही घडले असेल तर अपवाद; आणि वर्ष संपण्याआधी आपणहून निघून जाणाऱ्याने उरलेल्या वर्षाचे भाडे द्यावे. चार ओळींत दोघांचे हक्क, दोघांची कर्तव्ये आणि अपवाद, सारे काही आले.

जिथे दोघांना समान दंड असतो, तिथे दोघांनाही समान विश्वास वाटतो. राज्यांनी हा समतोल आपल्या कायद्यात आणला आणि साठ दिवसांत निकाल देणारे कार्यालय उभे केले, तर कोटीभर बंद दारांपैकी किती उघडतील हे पुढील जनगणना सांगेल. त्यांतील थोडी उघडली, तरी एकही नवी वीट न रचता काही लाख कुटुंबांना शहरात राहण्याची जागा मिळेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)